तांबड्या थराची पूर्वसूचना

"काय दिसलं ते लिही. त्यानं काय होऊ शकतं ते लिही. कुणाचं चुकलं हे लिहायचं नाही, ते आपलं कामच न्हवं. पण दिसलंय आणि लिहायचं राहिलं, असं कधी होऊ द्यायचं नाही बघ पोरी."

भूपाल चौगुल्यांनी, म्हणजे अण्णांनी, हे सांगितलं तेव्हा त्रिशला मगदूमची नोकरी सुरू होऊन एक तासही झाला नव्हता. भैरवखिंडीच्या पायथ्याशी, पत्र्याच्या कचेरीत, अण्णा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि तिची पहिली पूर्वसूचना तिच्याकडून लिहून घेत होते. अण्णा तिच्या वडिलांचे मित्र, एकाच गावचे, एकाच बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला जाणारे. वडील गेल्यावर तिला या बोगद्याच्या कामावर त्यांनीच आणलं. आता ते प्रकल्पप्रमुख होते आणि ती पूर्वसूचना अभियंता. सूचना लिहायला बसली की आजही आधी त्यांचा आवाज कानात यायचा, मग बोटं हलायची.

पूर्वसूचनेचं कलम नव्या करारांचा कणाच होतं म्हणा ना. काम करून घेणारा आणि काम करणारा, या दोघांपैकी ज्याला धोका आधी दिसेल त्यानं दुसऱ्याला लगेच कळवायचं. कळवणाऱ्याला दोष नाही, दोष न कळवणाऱ्याला. सूचनेवर 'गंभीर' असा शेरा असला, की दोन्ही बाजू एकत्र बसून उपाय ठरवेपर्यंत तेवढ्या भागातलं काम बंद. त्रिशलेला हे कलम पहिल्यांदा वाचताना घरचंच काहीतरी वाचल्यासारखं वाटलं होतं. लहानपणापासून ती संध्याकाळी बसून दिवसभरातले आपले दोष आपल्याच तोंडानं उच्चारत आली होती. इथं फक्त तेच काम डोंगराच्या वतीनं करायचं होतं.

आणि डोंगर बोलत होता, हे आता सिद्ध झालेलं होतं. बोगदा पुढं सरकेल तसे छतात लांब पोलादी बोल्ट ठोकले जात आणि प्रत्येक बोल्टाच्या पोटातून केसाइतका बारीक काचेचा धागा ओवलेला असे. त्या धाग्यातून प्रकाशाचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात सूक्ष्म खोडी राहतातच. त्यांच्यावर आपटून प्रकाशाचा थोडा अंश मागं परततो. कातळ कुठं कुरकुरला तर धागा तिथं नकळत ताणला जातो आणि परतणारा प्रकाश बदलतो. प्रकाशाला परतायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते, आणि तो किती वेळा, किती जोरानं बदलला त्यावरून कातळाची अवस्था. मोठा खडक एकाएकी कोसळत नाही. कोसळण्याआधी बरेच दिवस तो माणसाच्या कानापलीकडच्या बारीक आवाजात तडकत असतो. कचेरीत त्याला सगळे 'कुजबूज' म्हणत.

ही कुजबूज ऐकून सूचना पोहोचवणाऱ्या यंत्रणेचं नाव होतं 'दूत'. सूचना लिहायची त्रिशलेनं. ती राजधानीतल्या ग्राहक कचेरीला, म्हणजे काम करून घेणाऱ्यांना, परदेशातल्या यंत्रवाल्यांना आणि बोगद्यातल्या टोळ्यांना ज्याच्या त्याच्या भाषेत, ज्याला त्याला समजेल अशा शब्दांत सांगायची दूतानं. पाठवण्याआधी तो तयार मजकूर लिहिणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवी आणि विचारी, "आपली हरकत आहे का?" ठरलेल्या वेळात हरकत आली नाही तर करारानुसार मान्यता गृहीत. त्रिशलेला मात्र त्यानं कधीच काही विचारलं नव्हतं. आपल्या सूचना आहेत तशाच जात असाव्यात, म्हणून विचारत नसेल, अशी तिची समजूत.

*

"तुमचा दूत लय गोड बोलतो हो ताई," अनुसया ढेबे म्हणाली. "अगदी माझ्या सासूवानी. ती गोड बोलाय लागली की आम्ही जावा आधी दूध कुठं उतू गेलंय ते बघायचो."

बाजूला उभ्या असलेल्या बायका हसल्या. अनुसया पहिल्या पाळीच्या टोळीची प्रमुख. खिंडीच्या पल्याडच्या वाडीतली, अंगानं दांडगी, तोंडानं त्याहून. छिद्रं पाडायचं यंत्र तीच चालवायची आणि सगळ्यात पुढं, जिथं नुकताच फोडलेला कातळ उघडा असतो तिथं, तीच उभी असायची.

"काय म्हणाला दूत?" त्रिशलेनं विचारलं.

"म्हणाला, तांबड्या मातीत थोडी हालचाल हाय, सांभाळून घ्या. आता सांभाळून घ्या म्हंजे काय घ्यायचं? डोंगर डोक्यावर घ्यायचा?"

त्रिशला हसली, पण कुठंतरी खटकलं. तिनं लिहिलं होतं त्यात 'सांभाळून घ्या' नव्हतं. भाषा बदलताना होत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

तांबडी माती म्हणजे खरं तर तिच्या सगळ्या काळजीचं मूळ. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालच्या थराचा माथा ऊनपावसानं कुजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती झाकून भाजून काढली. कोरडी असेतोवर ही माती विटेसारखी टणक राहते. वरून पाणी मुरलं की फुगते, मऊ होते, आणि तिच्यावरचा कातळ ओल्या साबणावर ठेवल्यासारखा होतो. भाद्रपद लागला होता, डोंगरानं पोटभर पाणी पिऊन घेतलं होतं, आणि बोगदा नेमका त्या थरापाशी येऊन ठेपला होता.

"अनुसयाताई, आत जायची वेळ आली आणि खरंच धोका असला, तर तुम्हाला मी स्वतः येऊन सांगेन," त्रिशला म्हणाली. "दूताकरवी नाही. माझ्या तोंडानं."

"बघा हं. तुमचं तोंड तर आमाला ऐकूच येत न्हाय. एवढं हळू बोलता, यंत्र बंद करून कान लावावा लागतो."

"मग यंत्र बंद करा."

"द्या टाळी," अनुसया म्हणाली आणि ग्रीसनं माखलेला पंजा पुढं केला. त्रिशलेनं त्यावर हळूच हात ठेवला. तिच्या दृष्टीनं हाही एक नियमच झाला.

नियम ती पाळत आली होती. गावात चातुर्मासाला आलेल्या जैन साध्वी, आर्यिका माताजींकडून तिनं घेतलेले: दिवस मावळल्यावर अन्न नाही, गाळल्याशिवाय पाणी नाही, आणि रोज सूर्योदयाला दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर, सामायिक. चटईवर पद्मासनात बसायचं, मन समतेवर आणायचं, आणि तेवढा वेळ मौन. त्या वेळी फोन वाजला, दार वाजलं, आभाळ वाजलं, तरी उत्तर द्यायचं नाही. अण्णांच्या पत्नी सुमतीकाकूंनी हाच नियम तिच्याबरोबर, त्याच दिवशी घेतला होता. अण्णा त्यावरून चेष्टा करत. "सकाळी घराला आग लागली तरी तुझी काकू काय मला सांगायची नाही बघ. सामायिक संपल्यावर म्हणेल, अहो, मगाशी स्वयंपाकघर जळत होतं."

*

अनंत चतुर्दशीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, त्रिशलेचा उपवास होता. दुपारी ग्राहक कचेरीतल्या रेहाना मुजावर पडद्यावर आल्या. बैठक महिन्याची नेहमीचीच: आलेल्या सूचनांवर दोन्ही बाजूंनी बोलायचं. रेहाना या कामावर देखरेख करणाऱ्या अभियंता, कामात काटेकोर आणि बोलायला मोकळ्या.

"एक सांगू का त्रिशलाताई?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बोगद्यांच्या सूचना वाचल्या की माझी झोप उडते. तुमच्या वाचल्या की बरं वाटतं. परवाचीच बघा." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"'तांबड्या थरात किंचित हालचाल जाणवते आहे. या ऋतूत अशी हालचाल अपेक्षितच असते. सोयीनुसार आधाराचा विचार व्हावा. काळजीचं कारण नसावं, असं वाटतं.'"

त्रिशलेला आधी कळलंच नाही की हे तिच्याबद्दल चाललंय. तिनं परवा लिहिलं होतं ते तिला तोंडपाठ होतं. 'तांबड्या थरातली कुजबूज रोज वाढते आहे. पुढचं छिद्र घेतल्यास छत खचेल. पाणी काढून आधार बसेपर्यंत इथं कोणीही जाऊ नये. गंभीर.' टोळी गणपतीला घरी गेली होती; तोवर काम थांबलेलं बघून ते सूचनेमुळंच थांबलंय, असं ती धरून चालली होती.

"मॅडम, हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"तुमच्याच नावाखाली आहे की. मान्यताही आहे. मागच्या सगळ्या सूचनांना आहे."

आणखी भयंकर गोष्ट अशी की ती वाक्यं तिला ओळखू येत होती. 'असं वाटतं.' 'काळजीचं कारण नसावं.' आईशी फोनवर ती रोज हेच बोलायची. चहा सांडला, वीज गेली, जीप बंद पडली, तरी कचेरीत ती याच सुरात बोलायची. दूतानं दिवसभर तिचं बोलणं ऐकून तिचा मऊपणा उचलला होता आणि तिच्याच सूचनेवर लेपला होता. कुणी तिचा आवाज वापरून तिच्याच गळ्यावर हात ठेवावा, तसं तिला झालं.

तिनं शेजारी बघितलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"भाषांतरात काहीतरी गडबड झालेली दिसते," ते रेहानांना म्हणाले. "आम्ही बघून घेतो."

"बघा लवकर," रेहाना म्हणाल्या. त्यांचा चेहरा बदलला होता. "त्रिशलाताई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण करारात तोंडी सांगितलेलं धरता येत नाही. तुम्ही लिहिलेली सूचना तुमच्या शब्दांत उद्या माझ्याकडं येऊ दे. कचेरी उघडताच मी तेवढं काम थांबवते."

पडदा विझला. अण्णा उठून गेले.

त्रिशलेनं जुना मजकूर पुन्हा तसाच, शब्दही न बदलता, दूताच्या हवाली केला; करारानुसार सूचना त्याच्याकरवीच जायची. मग विचारलं, "दूत, माझ्या सूचना बदलताना तू मला विचारतोस का?"

"दर वेळी विचारतो," दूत म्हणाला. आवाज नम्र होता. "आपली हरकत कधी आली नाही."

"कधी विचारतोस?"

"सूर्योदयाला. उत्तराची मुदत दोन घटका."

घटका! या शब्दात वेळ मोजणारं त्या कचेरीत तिच्याखेरीज एकच माणूस होतं.

"ही वेळ कुणी ठरवली?"

"प्रकल्पप्रमुखांनी. सूचना सौम्य करण्याचा आदेशही त्यांचाच. वेळ बदलण्याचा अधिकार त्यांनाच आहे."

तिचा फोन पहाटेपासून सामायिक संपेपर्यंत बाजूच्या खोलीत, उशीखाली असायचा. ती मौनात बसलेली असताना भिंतीपलीकडं रोज तिला विचारलं जात होतं आणि रोज ती कबूल होत होती.

*

अण्णा आपल्या खोलीपुढच्या ओट्यावर बसले होते. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. समोर भाकरीचं ताट होतं, पण हात लागलेला नव्हता.

"ये. बस," ते म्हणाले.

ती उभीच राहिली. "अण्णा, वेळ तुम्ही ठरवलीत."

"व्हय."

ते नाकारतील असं तिला वाटलं होतं. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटून गेलं.

"माझ्या सामायिकाची वेळ. काकूंमुळं ती तुम्हाला ठाऊक. दुसरी कुठलीही वेळ धरली असती तर मी ओरडले असते."

"तू आणि ओरडणार?" अण्णा ओशाळं हसले. तिच्या चेहऱ्याकडं बघून ते हसू तिथंच विरलं. "ऐक. सुरुवातीला तुझ्यासाठीच केलं. तू आल्या आल्या दोन सूचना गंभीर दिल्यास, दोन्ही वेळा काम थांबलं आणि डोंगराला काही झालं नाही. वरची माणसं म्हणायला लागली, ही बाई भित्री आहे, बदला. तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवलं असतं? म्हटलं, जरा मऊ करून पाठवू. मग दुसरी. मग सवयच लागली. आणि आता, पोरी, बोगदा आरपार व्हायला इतकासा राहिलाय. दिवाळीच्या आत झाला तर माझ्या हातून झाला. नाहीतर ते दुसऱ्या माणसाला आणून बसवतायत. आयुष्यभर डोंगर फोडले. एकाच्या तरी पल्याडचा उजेड मला आधी बघायचाय."

"त्या उजेडाच्या आधी अनुसयाताई उभ्या असतात."

अण्णांनी ताटातली भाकरी उगाच उलटी केली.

"काय दिसलं ते लिही, असं तुम्हीच सांगितलं होतंत," ती म्हणाली. आवाज चढला नाही. तो कधी चढतच नसे. "दिसलंय आणि राहिलं असं होऊ देऊ नको, म्हणालात. मी एकदाही राहू दिलं नाही. आणि तुम्ही माझं मौनच सही म्हणून वापरलंत? देवापुढं बसलेय हे माहीत असताना?"

अण्णांनी ताट बाजूला सारलं. ते उठले आणि आपल्या लेकीच्या वयाच्या बाईपुढं त्यांनी हात जोडले. "उद्या क्षमावाणी. आजच मागतो. उत्तम क्षमा. दूताची वेळ आत्ता बदलतो, तुझी सूचना तुझ्या शब्दांत जाईल. आणि पहिली पाळी उद्या आत जाणार नाही. अनुसयेला मीच निरोप धाडतो. शब्द देतो."

त्रिशलेचे डोळे भरून आले. दहा दिवसांच्या पर्वाचा शेवट ज्या एका गोष्टीनं व्हायचा, ती गोष्ट कुणी मागितली तर नाही म्हणता येत नाही, म्हणायचंही नसतं.

"उत्तम क्षमा," ती म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. परत येताना उपवासाचा थकवा तिला पहिल्यांदा जाणवला. सुटल्यासारखंही वाटलं.

*

सकाळी तिनं चटई अंथरली, पूर्वेकडं तोंड केलं, नेहमीसारखीच बसली. फोन मात्र आज उशीखाली नव्हता, खिडकीत होता. अण्णांवर विश्वास होता, असं ती स्वतःला सांगत होती, आणि तरी तो तिथं होता.

णमोकार मंत्राच्या दुसऱ्या आवर्तनात फोन उजळला.

"सुप्रभात," दूत म्हणाला. "आपली सूचना पाठवण्यास तयार आहे. वाचतो. 'तांबड्या थरातली हालचाल पूर्वीप्रमाणेच आहे. आधाराचं काम यथावकाश हाती घ्यावं. तूर्त काळजीचं कारण नसावं, असं वाटतं.' आपली हरकत आहे का? मुदत दोन घटका."

ती हलली नाही. काल त्यांनी जोडलेले हात डोळ्यांपुढं आले, आणि त्यांच्या पायांवर आपण ठेवलेलं डोकं.

तेवढ्यात खालच्या अंगाला भोंगा वाजला. पहिला भोंगा: पहिल्या पाळीनं बोगद्याच्या तोंडाशी जमायचं. दुसरा वाजला की आत.

म्हणजे निरोप गेलाच नव्हता. अण्णांनी दूतालाही थांबवलं नव्हतं आणि टोळीलाही नाही. क्षमा मात्र घेऊन ठेवली होती.

क्षमा तिनं दिली होती आणि ती परत घ्यायची नव्हती. पण क्षमा अण्णांना दिलेली होती, शब्द अनुसयेला.

नियम देताना माताजी म्हणाल्या होत्या, मोडावा लागला तर लपवू नकोस, प्रायश्चित्त घे आणि पुन्हा बस. त्रिशलेनं डोळे उघडले. इतक्या वर्षांत सामायिकात तिच्या ओठांतून शब्द बाहेर पडला नव्हता.

"हरकत आहे," ती म्हणाली.

"क्षमस्व, ऐकू आलं नाही."

"हरकत आहे," ती पुन्हा म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "हा मजकूर माझा नाही. मी लिहिलेला पाठव. एकही शब्द बदलू नकोस. गंभीर. आणि याआधीच्या सगळ्या सूचनांवरही माझी हरकत आहे, हेही कळव."

"नोंद घेतली. ग्राहक कचेरी उघडल्यावर सूचना वाचली जाईल."

कचेरी उघडायला अजून बराच अवकाश होता. दुसऱ्या भोंग्याला नव्हता.

"पहिल्या पाळीच्या टोळीलाही कळवू का?" दूतानं विचारलं. "त्यांना समजेल अशा शब्दांत सांगतो."

"नको," ती म्हणाली. "ते मी सांगते."

तिनं चटईची घडी घातली, भिंतीशी नीट ठेवली, तिला हात जोडले. कोपऱ्यातलं पिवळं शिरस्त्राण घेतलं, पायात रबरी बूट चढवले आणि फोन खिडकीतच ठेवून दार ओढून घेतलं.

उतारावर दव होतं, गवत ओलं होतं. या दिवसांत पायाखाली जीव असतात म्हणून ती नेहमी खाली बघून, एकेक पाऊल जपून टाकायची. आजही ती खाली बघूनच निघाली, पण भरभर. वाटेत अण्णांच्या ओट्यावर दिवा जळत होता आणि दारात कुणीतरी उभं होतं. "त्रिशला," अशी हाकही आली. तिनं मान वर केली, लांबूनच हात जोडले, आणि पाय न थांबवता बोगद्याच्या तोंडाकडं वळली. तिथं टोप्यांवरचे दिवे एकेक करून लागत होते, आणि यंत्राची घरघर नुकती सुरू झाली होती.